नऊ इंची भिंत

३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुम्हाला आणि धाकटीला आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असाल, म्हणून आधीच सांगून टाकते. घरात सगळे धडधाकट आहेत. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. अकरा वर्षांत एक ओळ न लिहिणारी वहिनी आज चार पानं का लिहिते, असं वाटेल तुम्हाला. वाटू दे. तुमचा पत्ता हार्डवेअरच्या दुकानदाराने दिला. फोन नंबरही दिला, पण फोनवर माझी बोबडी वळते हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय मी फोन हातात घेतला की तुमचे दादा दुसऱ्या खोलीतून कान टवकारतात.

तर बातमी अशी की आपली चिमी पुढच्या महिन्यात इकडे राहायला येते आहे. जावयांची बदली झाली. नात दोन वर्षांची आहे आणि एका जागी दोन मिनिटं बसत नाही, म्हणजे थेट तुमच्यावर गेली आहे. चिमीने एवढंच म्हटलं होतं की बाबा, आम्हाला एक खोली पुरे. झालं! ह्यांनी आख्खं घर काढलं.

गवंडी नाही, मजूर नाही, काही नाही. सगळं स्वतः. पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेला माणूस रिटायर झाला की काय करतो? मोबाईलवर व्हिडिओ बघतो. जेवताना व्हिडिओ, झोपताना व्हिडिओ. त्यात एक मनुष्य येतो, पांढराशुभ्र शर्ट घालून गिलावा करतो आणि शर्टावर एक थेंब उडत नाही. ह्यांच्या अंगावर मात्र भिंतीपेक्षा जास्त सिमेंट असतं. मी म्हटलं, आता तुम्हालाच रंग देऊन टाकते. तर म्हणतात, 'हसतील त्यांचे दात दिसतील.' ग्राफपेपरवर घराचा नकाशा काढला आहे. पाडायचं ते लाल पेन्सिलीने, ठेवायचं ते निळ्या. भाऊजी, निळं फार थोडं आहे.

मागचं अंगण बघाल तर ओळखणार नाही. वाटणीच्या वेळी घातलेली अंगणातली तुमची भिंत गेली. एका सकाळीत गेली. चार इंची वीट, त्यात तुम्ही मालही पातळ वापरला होता वाटतं, घणाचा तिसरा ठोका बसला आणि बसकण मारली तिने. हे तिथेच कमरेवर हात ठेवून उभे राहिले, जसा काही किल्लाच सर केला. विटा वाया घालवल्या नाहीत. त्यांची पायवाट केली, मागच्या दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत. थोडी वाकडी आहे. भूमितीच्या मास्तरांची पायवाट वाकडी कशी, असं विचारलं, तर म्हणाले की बागेत सरळ रेषा शोभत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय! पण खोटं कशाला बोलू, छान दिसते. कडेने विटा तिरप्या पुरून वाफे केलेत, त्यांत जास्वंद आणि मोगरा लावला आहे. नातीसाठी हिरवळीचा चौकोन आखला आहे. सकाळी मी तिथे चहा घेऊन बसते. दोन्हीकडचं आभाळ एकदम दिसतं, ते अकरा वर्षांत दिसलं नव्हतं.

तुमच्या बाजूच्या खोल्या आम्ही उघडल्या, हे सांगायला हवं. मागच्या वर्षी तुम्ही पाकिटातून किल्ली पाठवलीत. ह्यांनी पाकीट तीन वेळा उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती. मग किल्ली खिळ्याला टांगली आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, 'त्याला घर नको झालंय.' मला वाटतं त्याच दिवशी हे सगळं ह्यांच्या डोक्यात आलं. चिमीचं येणं नंतर ठरलं.

आता आतली भिंत राहिली आहे. दिवाणखान्याच्या मधली. ती काढायची, मोठी खोली करायची आणि तिथे, मोठ्या तुळईच्या बरोबर खाली, नातीचा पलंग. नकाशावर पलंगही काढलेला आहे, छोटी उशी आणि तिच्यावर फूलसुद्धा. सोमवारपासून काम सुरू.

सहज विचारते. ती आतली भिंत तुम्ही किती जाडीची घातली होती? मधे खांब घेतलाय का? आमच्या दुकानदाराने ह्यांना विचारलं, 'सर, आतली भिंत नऊ इंची आहे म्हणता? खोल्या वेगळ्या करायला नऊ इंच कोण घालतं?' तर हे म्हणाले, 'माझा भाऊ घालतो. रागावला की त्याचा हात सैल सुटतो.'

मी तिथेच उभी होते, खिळ्यांची पुडी हातात घेऊन. काही बोलले नाही. तुम्ही मात्र दोन ओळी लिहून पाठवा, म्हणजे काम करणाऱ्याला सोपं. घाई काही नाही.

धाकटीला सांगा, तिने लावलेली जाई अजून आहे. तुमच्याकडच्या खिडकीवर चढून बसली आहे, ती मी ह्यांना कापू दिली नाही.

तुमची,
वहिनी


१३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही. टपाल पोचायला तीन-चार दिवस लागतात म्हणे, तेव्हा तुमचा दोष नाही. मी मात्र थांबू शकत नाही म्हणून पुन्हा लिहिते.

घाई नाही असं लिहिलं होतं ना? ते खोटं होतं. घाई आहे.

सोमवारी ह्यांनी मागच्या टोकाकडून सुरुवात केली. ही भिंत अंगणातल्या भिंतीसारखी नाही. पहिल्या तासाभरात घामाघूम होऊन सहा विटा निघाल्या. हे खूष! 'बघ, कसला कडक माल वापरलाय, शत्रूसाठी किल्ला बांधावा तसा.' मी म्हटलं, राहू दे मग, कशाला हाडं मोडता? तेवढं बोलायला नको होतं. ह्या माणसाला राहू दे म्हटलं की चेव येतो, हे माझ्या अजून लक्षात येत नाही, अडतीस वर्षं झाली तरी.

मी काय काय केलं सांगू? मंगळवारी छिन्नी पिठाच्या डब्यात पुरून ठेवली. दोन तास शोधाशोध झाली, मग दुकानातून नवी आली, तीही जुनीपेक्षा मोठी. बुधवारी माझी पाठ धरली. खोटी खोटी. हे बिचारे दिवसभर मला शेकत बसले, आणि गुरुवारी दुप्पट काम केलं, काल वाया गेलं म्हणून. मग मी चिमीला फोन करून सांगितलं की बाबांना म्हणावं, दोन खोल्याच बऱ्या. ती म्हणाली, 'आई, तूच सांग ना, तुझं ऐकतात.' ऐकतात डोंबल.

आज मागच्या टोकाची चार फूट भिंत नाही. जमिनीपासून तुळईपर्यंत रिकामं. शेवटची वरची वीट निघत नव्हती. तुम्ही ती तुळईखाली ठोकून घट्ट बसवली होती, पाचरीसारखी. ह्यांनी छिन्नी लावून तासभर ठोकलं. ती निघाली तेव्हा वरून आवाज आला. मोठा नाही. एखाद्या म्हाताऱ्याने उठता उठता कण्हावं तेवढाच. ह्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, 'लाकूड आहे, बोलणारच.'

भाऊजी, तेव्हापासून वरच्या खोलीच्या कपाटाचं दार आपोआप उघडतं. मी बंद करते, खाली येते, पुन्हा वर जाते, तर उघडं. मागच्या खोलीचा दरवाजा घासायला लागला. ह्यांनी रंधा मारून तो कमी केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासायला लागला. पुन्हा रंधा. हे म्हणतात हवेने लाकूड फुगलं. हवा इतकी कोरडी आहे की माझे ओठ फुटलेत.

आणि पूड. तुळईला आम्ही मध्यंतरी प्लायवूड मारून पांढरा रंग दिला होता. छान दिसायचं. आता त्या प्लायवूडच्या फटीतून पिवळी बारीक पूड गळते. रोज सकाळी हे उठायच्या आत मी झाडू मारते आणि ती लिंबाच्या आळ्यात नेऊन टाकते.

का टाकते, असं विचारू नका. नाही, विचाराच. तुम्ही नाही विचारणार तर कोण विचारणार?

तुम्हाला तो पेचकस आठवतो ना? पिवळ्या मुठीचा. भिंतीचं माप घ्यायला तुम्ही स्टुलावर चढला होतात आणि तुळईच्या टोकाला तो सहज टोचला. मी खाली चहाचा कप धरून उभी. पेचकस लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. तुम्ही तसेच उभे राहिलात. मग माझ्याकडे बघितलंत. तुमच्या दादांशी तुमचं बोलणं तेव्हा बंद होऊन आठ दिवस झाले होते.

माझी एक विनंती आहे. तुम्ही ह्यांना सरळ एक पत्र टाका. असं लिहा की दुकानदाराकडून समजलं तुम्ही भिंत काढताय, तर काढू नका, तुळई वाळवीने पोखरली आहे, भिंत तिच्या आधाराला आहे. बस, एवढंच. माझं नाव त्यात घेऊ नका. आपलं त्या दिवशी काय बोलणं झालं तेही लिहू नका. आत्ता अचानक आठवलं असं लिहा. तुमच्या अक्षरात असलं की हे आधी चिडतील, मग चष्मा लावून पुन्हा वाचतील, आणि मग थांबतील. मी ओळखते त्यांना.

पुढच्या रविवारी मधला खांब पाडायचा आहे, तोवर निघालेल्या विटा साफ करून रचणार आहेत. नकाशावर तारीख टाकली आहे, लाल पेन्सिलीने. तोवर तुमचं पत्र पोचलं पाहिजे. हातातलं काम टाकून, हे मिळेल त्याच दिवशी टपालात टाका. पाया पडते तुमच्या. मोठ्या वहिनीने दिराच्या पाया पडायची वेळ आली आहे, म्हणजे बघा.

तुमची,
वहिनी


२१ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी,

काल तुमचं पत्र आलं. माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर. दुसऱ्याचं उत्तर अजून वाटेत असेल.

तीनच ओळी आहेत तुमच्या. 'आतली भिंत नऊ इंची. मधे खांब आहे, दीड फुटाचा, तो तुळईसाठी. कारण तेव्हाच तुम्हाला सांगितलं होतं. दादाला सांगितलं होतंत ना?'

दादाला सांगितलं होतंत ना.

काल दुपारपासून मी ही ओळ किती वेळा वाचली कुणास ठाऊक. पत्र पोलक्यात ठेवलं होतं, अजून तिथेच आहे. मला वाटत होतं की मी फक्त ह्यांच्यापासून एक गोष्ट लपवली. तुमची ओळ वाचली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे तुम्ही अकरा वर्षं असं धरून चाललात की दादाला माहीत आहे. भिंत कशासाठी घातली ते दादाला माहीत आहे, आणि तरी तो आपल्याला एका शब्दाने बोलवत नाही. आठ महिने भिंतीच्या पलीकडे राहिलात, तेव्हाही हेच मनात असणार. घर सोडून गेलात तेव्हा उंबऱ्यात थांबला होतात. कुणी बाहेर आलं नाही. हे आत पेपर वाचत होते, उलटा धरून. आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून.

लिहिते आता. लिहायला बसले आहे तर सगळंच लिहिते.

तुम्ही स्टुलावरून उतरलात आणि हळू आवाजात म्हणालात, 'वहिनी, चार इंची घालणार होतो, आता नऊ घालतो. मधे खांब घेतो. ही तुळई बदलायला पैसा लागेल, तो आत्ता दोघांकडे नाही. दादाला मी सांगितलं तर म्हणेल वाटणी पक्की करायला निमित्त शोधलं. त्याचा राग उतरला की तुम्ही सांगा. तुळई बदलल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही, एवढं त्याच्या कानावर घाला.' मी म्हटलं, हो, सांगते.

राग महिन्याभरात उतरला होता, भाऊजी. एका संध्याकाळी हे भिंतीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, 'एवढी जाड भिंत घातली त्याने. माझं तोंडही दिसू नये म्हणून?' डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मी बोलले असते, नाही हो, घर पडू नये म्हणून, तर हे तसेच अनवाणी तुमच्याकडे आले असते. तुम्हाला मिठी मारली असती. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकच स्वयंपाकघर.

मला ते नको होतं. हे आहे ते. बारा वर्षं मी आणि धाकटीने एका ओट्यावर काढली. तिने मीठ घातलं की मी पुन्हा घालायची, मी डबा डावीकडे ठेवला की ती उजवीकडे. वाईट ती नव्हती, मीही नव्हते, पण माझा जीव मेटाकुटीला आला होता. भिंत उठली आणि पहिल्यांदा माझा ओटा, माझा डबा, माझं मीठ. मी मनात म्हटलं, सांगू पुढच्या महिन्यात. मग म्हटलं, सांगू दिवाणखान्याला रंग दिल्यावर. मग तुम्ही गेलात. आणि मग सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं हेही सांगायला हवं होतं. दरवर्षी ते जड होत गेलं. तुळईला प्लायवूड मारायची कल्पना कुणाची होती माहीत आहे? माझी. डोळ्यांसमोर नको म्हणून. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

आणि काल रात्री मी काय ठरवलं होतं, तेही ऐका. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ फाडून उरलेलं ह्यांच्या हातात द्यायचं. कात्रीसुद्धा काढली होती. माणूस किती खाली जातो. मग नातीच्या पलंगाचा तो नकाशा दिसला, उशीवरच्या फुलाचा, आणि कात्री ठेवून दिली.

आत्ता सकाळचे आठ वाजले आहेत. मी दिवाणखान्यात खांबाला पाठ लावून खुर्ची टाकली आहे आणि मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे. हे मागे हिरवळीला पाणी घालत आहेत. पाण्याची झारी ठेवल्याचा आवाज झाला. आता घण घेऊन येतील. मी उठणार नाही. पुढचं नंतर लिहिते.


संध्याकाळ

आले. डोक्याला रुमाल, हातात घण. म्हणाले, 'ऊठ, खुर्ची घे बाजूला.'

'नाही उठत.'

'हे काय आता नवीन? पाठ धरली का पुन्हा?'

'पाठ तेव्हाही धरली नव्हती. घण खाली ठेवा आणि बसा.'

'अगं, दुपारपर्यंत खांब काढला तर संध्याकाळी राडारोडा उचलता येईल. उगाच वेळ...'

'तुम्ही बसल्याशिवाय मी बोलणार नाही, आणि मी बोलल्याशिवाय तुम्ही ह्या खांबाला हात लावणार नाही. मारायचाच असेल घण तर आधी मला मारा.'

माझा आवाज चिरकला असावा, कारण हे चटकन विटांच्या ढिगावर बसले. मी पोलक्यातून तुमचं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. आख्खं. चष्मा कपाळावर होता, तो खाली ओढून वाचलं.

'कधी सांगितलं होतं तुला?'

'भिंत घातली तेव्हा. माप घेतानाच.'

'अकरा वर्षांपूर्वी?'

मी मान हलवली. मला वाटलं आता हे ओरडतील. तयारी करून बसले होते मी, शिव्या खायची, घराबाहेर काढलं तर पिशवी भरायची. हे नुसते उठले, खिळ्यांच्या डब्यातून पेचकस काढला, स्टूल ओढलं आणि मागच्या टोकाला, जिथे भिंत नव्हती तिथे ठेवलं. मी म्हटलं, नका हो तिथे चढू. ऐकलं नाही. प्लायवूडची पट्टी उचकटली. मूठभर पिवळी पूड ह्यांच्या चष्म्यावर, मिशांवर पडली. मग पेचकस लावला. जोरही दिला नाही. मुठीपर्यंत गेला.

खाली उतरले ते हळूच, वर बघत, एखादं झोपलेलं मूल जागं होईल असे. जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

मग म्हणाले, 'मी त्याला काय म्हणालो होतो तुला माहीत नाही. तो जाताना नाही, त्याच्या आदल्या दिवशी. पाण्याच्या टाकीपाशी भेटला. मी म्हणालो, तुझी भिंत बघितली की मला माझा भाऊ मेला असं वाटतं.' मग चष्मा लावून म्हणाले, 'आणि त्याला वाटलं असेल की मला सगळं माहीत आहे. माहीत असून मी असं बोललो.'

बघा, मला काल दुपारी कळलेली गोष्ट ह्यांना कुणी न सांगता कळली.

मी रडले. खूप रडले. म्हटलं, चुकले हो मी, तुम्ही म्हणाल ते करते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चहा ठेवला, तर 'नको' म्हणाले. अडतीस वर्षांत ह्या माणसाने चहाला नको म्हटलेलं मला आठवत नाही.

त्यानंतर दिवसभर आम्ही दोघांनी काम केलं. हे दुकानदाराकडून सेंट्रिंगचे लोखंडी टेकू घेऊन आले, दोन, भिंत काढली त्या भागात खाली फळी देऊन उभे केले. घट्ट करताना टेकूला कान लावून ऐकत होते. मग वरची खोली रिकामी केली. कपाट, पेट्या, ह्यांच्या शाळेच्या वह्या, शिलाई मशीन, सगळं एकेक करून जिन्यावरून खाली आणलं, पाय न आपटता. बोलणं एवढंच. 'धर.' 'सोड.' 'हळू.' चिमीला फोन करून सांगितलं की महिनाभर उशिरा ये, घर तयार नाही. ती का म्हणाली, तर हे म्हणाले, 'काकाला यायचंय आधी.'

काकाला यायचंय, असं म्हणाले, भाऊजी. तुम्हाला न विचारता.

आज आम्ही तुमच्या बाजूच्या मागच्या खोलीत झोपणार आहोत. तिच्यावर माडी नाही, तुळईचा भार नाही. धाकटीची जाई खिडकीतून आत आली आहे. मी अंथरूण घातलं. एकच घालू की दोन, कळेना. दोन घातली. हे आले, बघितलं, आणि माझं अंथरूण ओढून स्वतःच्या जवळ घेतलं. बोलले तरीही नाहीत. बोलतील तेव्हा बोलतील. मी ऐकून घेईन, कितीही दिवस लागले तरी.

तुमची माफी मागत नाही. कोणत्या तोंडाने मागू? धाकटीला मात्र हे पत्र वाचून दाखवा. ओट्याचं आणि मिठाचं सगळं वाचा, एक अक्षर गाळू नका. मग यायचं की नाही ते तिने ठरवावं. ती आली तर ओटा तिचा. मी खाली विळीवर बसून भाजी चिरेन.

हे पत्र आता ह्यांच्या हातात देते. वाचून त्यांनीच टपालात टाकावं. काहीही फाडलेलं नाही, काहीही गाळलेलं नाही.

जिच्या हाती तुम्ही निरोप दिला होता, आणि जिने तो आज पोचवला, ती
वहिनी


धाकट्या,

निरोप मिळाला.

टेकू दोन लावलेत, मागच्या टोकाला, तीन फुटांवर एक. बरोबर आहेत की नाही मला कळत नाही. भूमितीत बसतात, एवढंच सांगू शकतो. खांबाला हात लावलेला नाही. चार फूट भिंत पाडली तेवढी पाडली, विटा रचून ठेवल्या आहेत.

टाकीपाशी बोललो ते मागे घेतो. अकरा वर्षं तुझ्या भिंतीच्या जिवावर झोपलो आणि रोज सकाळी उठून तुलाच शिव्या दिल्या.

हिला काही बोलू नकोस. जे बोलायचं ते मी बोलेन, आणि तेही आता फारसं उरलेलं नाही.

तुझी किल्ली खिळ्याला आहे. पण आणायची गरज नाही असं समज, दार उघडं ठेवतोय.

दादा